झीलकऱ्यांची शाळा : राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि आपला खानदेश

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकावर कुणी लिहायला बसले की बहुधा नावांपासून सुरुवात होते. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके, स्मिता पाटील. यादी खरी आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण तिच्यामुळे कलापथक नट तयार करण्यासाठीच निघाले होते, असा समज होतो. प्रत्यक्षात ही माणसे पुढे गेली, कारण त्यांच्या मागे शेकडो पोरेपोरी उभी होती. त्यांची नावे कुठल्याही पोस्टरवर आली नाहीत. त्यांनी डफावर झील धरली, लेझमीची रांग सांभाळली, सतरंज्या उचलल्या आणि मोठेपणी ती शिक्षक, परिचारिका, शेतकरी, कामगार झाली. साने गुरुजींच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवी जयंतीच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत कलापथकाचा इतिहास सांगायचा तर तो या मागच्या रांगेच्या बाजूने सांगितला पाहिजे. एकाही मुलाला बाजूला न बसवता सगळ्यांना गाणे, नाच, नाटक आणि गोष्ट शिकवायची, ही या संस्थेची मूळ पद्धत आहे. तिची पाळेमुळे आपल्या खानदेशातच सापडतात.

अमळनेरचे मास्तर

कोकणातल्या पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा तरुण तत्त्वज्ञान शिकण्यासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला आणि १९२४ साली तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाला. हेच पुढचे प्रताप हायस्कूल. सहा वर्षे त्यांनी तिथे काढली. छात्रालयाची जबाबदारी अंगावर आल्यावर त्यांची खरी शाळा वर्गाबाहेर भरू लागली. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित ते मुलांसाठी काढत. पुढे १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक सुरू झाले. पण लिहिण्यापेक्षा सांगणे आधीचे. दिवसभराचा अभ्यास आणि कामे आटोपली की मुलांना जवळ घेऊन गोष्ट सांगायची, हा त्यांचा हातखंडा.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारे हात गुरुजींचेच. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. आधी सोबतच्या बंद्यांना ज्या आठवणी तोंडी सांगितल्या, त्याच कागदावर उतरल्या. पुस्तकाची बांधणी पाहिली म्हणजे हे लगेच ध्यानात येते. प्रकरणांना ‘रात्री’ म्हटले आहे. प्रार्थना झाली की मंडळी जमतात आणि श्याम घरातल्या एखाद्या साध्या प्रसंगाला हात घालतो. ऐकणारे मध्येच बोलतात, कुणाचे डोळे भरतात, आणि उरलेले उद्यावर टाकून बैठक उठते. मुलांना गोष्ट कशी सांगावी, याचा वस्तुपाठच तो. प्रसंग छोटा, भाषा घरची, ऐकणाऱ्याला बोलायला वाव आणि रोजची ठरलेली वेळ. सेवा दलाच्या शाखेत गोष्टीचा तास आला तो या चार गोष्टी घेऊनच.

अमळनेरच्या त्या हवेत वाढलेला एक मुलगा पुढे महाराष्ट्रभर गाजला. वाईजवळच्या पसरणीचा कृष्णा साबळे शिक्षणासाठी अमळनेरला नातेवाइकांकडे राहिला होता. शाळा सातवीपाशी थांबली, पण गुरुजींचा सहवास लाभला आणि गळ्याला दिशा मिळाली. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी करणारे शाहीर साबळे ते हेच. गुरुजींनी त्यांना गायकीचे धडे दिले नव्हते. गाणे कुणासाठी गायचे, एवढे मात्र त्यांच्या मनावर बिंबवले.

शाखेतून कलापथक

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. एस. एम. जोशी, म्हणजे सर्वांचे अण्णा, दलप्रमुख झाले. गुरुजी कुठल्या पदावर नव्हते, पण दलातल्या मुलांच्या लेखी दलाचे घरचे वडीलधारे तेच. शाखेचा शिरस्ता सोपा होता. संध्याकाळी मैदानावर जमायचे, झेंड्याला वंदन करायचे, मग खेळ, कवायत, गाणी, गोष्ट आणि शेवटी प्रार्थना. जात-धर्म विचारायचा नाही, आणि मुलगे-मुली एकत्र. त्या काळी लहान गावात हा शेवटचा नियम सर्वांत जड होता. मुलगी चारचौघांत नाचणार, तेही मुलांच्या बरोबरीने, हे कळल्यावर घरोघरी बोलाचाली झाल्या. शाखानायकांनी आईबापांच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा कुठे मुली मैदानावर आल्या.

गाणी आणि छोटे प्रवेश शाखेत होतेच. शिबिरातल्या शेकोटीला ते आणखी रंगत. १९४० च्या दशकात त्यातूनच कलापथक आकाराला आले. कवी वसंत बापट यांनी त्याला शब्द दिले, लीलाधर हेगडे यांनी आवाज दिला. कलापथक कशासाठी, हा प्रश्न लवकरच रस्त्यावर सुटला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी १९४७ च्या सुरुवातीला गावोगाव फिरले, तेव्हा कलापथकाची पोरे त्यांच्या सोबत होती. आधी पोवाडा, गाणी आणि मग गुरुजींचे बोलणे. भाषणाला न येणारी माणसे डफाचा आवाज ऐकून येत आणि बसून राहत. १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि दहा दिवसांनी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच ते सुटले. गाणे म्हणणाऱ्या मुलांना आपल्या गाण्याचे फळ याच डोळ्यांनी पाहायला मिळाले, अशी उदाहरणे कलेच्या इतिहासात फार नाहीत.

शिकवण्याची रीत

कलापथकाने निवडलेले प्रकार नीट पाहिले की पद्धत उलगडते. पोवाडा, लेझीम, दिंडी, कोळीनृत्य, टिपऱ्या, वग. या सगळ्यांत गर्दी सामावते. एकट्याच्या तयारीवर उभ्या असलेल्या कलेला चांगला गळा, सुडौल अंग, वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. तो मान ठेवूनही कलापथकाने समूहाच्या कला पुढे केल्या. कारण मैदानावर आलेल्या पन्नास मुलांपैकी पन्नासांनाही जागा द्यायची होती.

पोवाड्याचेच घ्या. शाहीर पुढे उभा राहतो, डफावर थाप मारतो आणि कडवे टाकतो. मागे तुणतुणे, झांज आणि झीलकरी. नवे पोर आले की त्याला थेट झीलकऱ्यांत उभे करायचे. त्याने फक्त ‘जी जी’ धरायचे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण झील धरणाऱ्याला शाहिराचा श्वास कुठे संपतो ते कळावे लागते. घाई केली तर कडव्याचा शेवट झाकला जातो, उशीर झाला तर डफ एकटा पडतो. महिना-दोन महिने झील धरली की सबंध पोवाडा न शिकवता पाठ होतो, ताल अंगात बसतो आणि लोकांसमोर उभे राहण्याची भीड मोडते. मग एखाद्या दिवशी शाहीर मागे वळून म्हणतो, “आता हे कडवं तू टाक.” मुलगा पुढे येतो, आणि त्याच्या मागे झील धरायला कालचा शाहीर उभा राहतो. पुढारीपण आणि मागे उभे राहणे या दोन्ही गोष्टी एका फेरीत शिकवण्याची ही युक्ती.

लेझमीचेही तसेच. आधी तोंडाने आठ मात्रा मोजायच्या, मग पायाने, आणि लेझीम हाती मिळायची ती सर्वांत शेवटी. ज्याचा पाय चुकतो त्याला रांगेबाहेर काढायचे नाही. रांगेच्या मध्ये, दोन पक्क्या मुलांच्या बगलेत उभे करायचे. पाच-सात दिवसांत त्याचा पाय आपोआप जाग्यावर पडतो.

नाटक शिकवायला तमाशातली बतावणी कामाला येई. गण-गवळण झाली की दोघे-तिघे रंगमंचावर येतात आणि जागच्या जागी संवाद रचत जातात. मुलांना विषय द्यायचा तो ओळखीचा. एकाने तलाठी व्हायचे, दुसऱ्याने उतारा मागायला आलेला शेतकरी. वाक्ये पाठ करायची नाहीत, मुद्दा सोडायचा नाही. तलाठी होणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी नुसता रुबाब सुचतो. तिसऱ्या दिवशी तो चष्मा पुसत वेळ काढायला लागतो, पानाची चंची उघडतो, आणि समोर बसलेली मोठी माणसे हसून लोळतात, कारण तो तलाठी त्यांनी पाहिलेला असतो. निरीक्षण म्हणजे काय हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

सामान बेताचे. डफ, ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांजा, जमली तर पेटी. नऊवारी आईची, उपरणे आजोबांचे. मुक्काम कार्यकर्त्यांच्या घरी, जेवण घराघरांतून गोळा केलेल्या भाकरीचे. एका घरची ज्वारीची, दुसऱ्या घरची कळण्याची, तिसऱ्या घरी मुस्लिम कुटुंबातल्या ताईंनी केलेली. दौऱ्यावर जाती मोडल्या त्या या पंगतीत, भाषणे न करता.

भरभराटीचा काळ

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके कलापथकाला चांगली गेली. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हा वग कलापथकासाठी लिहिला आणि त्याने उभा महाराष्ट्र हसवला. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारे निळू फुले कलापथकात वाढले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळचे ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे त्यांचे लोकनाट्य. राम नगरकरांचा विनोद आणि दादा कोंडक्यांची हजरजबाबी बतावणी याच आखाड्यात तयार झाली.

वगाबरोबरच नृत्याचा मोठा प्रवाह वाहत होता. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’, ‘शिवदर्शन’ असे भव्य कार्यक्रम बसले. ‘भारत दर्शन’ची कल्पना गुरुजींच्या आंतरभारतीतून आलेली. दाक्षिणात्य भाषा शिकणारे आणि तमिळ ‘कुरल’ मराठीत आणणारे गुरुजी म्हणत असत ते हेच, की एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, रीतीभाती आपल्याशा कराव्यात. मराठी मुलांनी पंजाबचा भांगडा, गुजरातचा गरबा, आसामचा बिहू शिकायचा तर त्या प्रांतातली माणसे कशी राहतात, काय पिकवतात हेही ओघाने आले. भूगोलाचे पुस्तक पायांनी वाचण्याचा तो प्रकार होता. या नृत्यांच्या तालमी घेणाऱ्यांत सुधाताई वर्दे यांचे नाव अग्रभागी. पेशाने नर्तकी आणि वृत्तीने कार्यकर्त्या असलेल्या सुधाताईंनी मुलींच्या कित्येक तुकड्या तयार केल्या.

त्यांपैकी दोघींची गोष्ट खानदेशाला विशेष जवळची. एक स्मिता, शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव गिरधर पाटील आणि विद्याताई यांची लेक. दुसरी झेलम, सुधाताई आणि सदानंद वर्दे यांची मुलगी. दोघी कलापथकात एकत्र नाचल्या, दौऱ्यांवर हिंडल्या, जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. स्मिता पडद्यावर गेली. झेलम परांजपे गणित शिकल्या आणि ओडिसीकडे वळल्या, गुरू केलुचरण महापात्रांकडे त्यांनी तालीम घेतली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्मिता गेली. तिच्या स्मरणार्थ झेलमताईंनी १९८९ साली मुंबईत ‘स्मितालय’ सुरू केले. ओडिसीची ही शाळा सांताक्रूझला भरते ती साने गुरुजींच्या नावाच्या शाळेत. वस्तीतल्या मुलांना कला देण्याची सेवा दलाची सवय अशा रीतीने शास्त्रीय नृत्याच्या वर्गात शिरली.

झेलमताईंनी ओडिसीत बसवलेली ‘लीलावती’ आपण जळगावकरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. भास्कराचार्यांच्या गणितग्रंथावर नृत्य! त्या ग्रंथातली उदाहरणे म्हणजे छोट्या गोष्टीच. भुंग्यांच्या एका थव्याचा पाचवा भाग कदंबावर बसला, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर गेला, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडाकडे वळले आणि एक भुंगा दोन फुलांच्या सुवासांत घोटाळत हवेतच राहिला, तर भुंगे किती? उत्तर १५. अशा ग्रंथाला नाचायला फार काही वेगळे जोडावे लागत नाही. आणि या ग्रंथाचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या काळचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढल्याची नोंद त्यात कोरलेली आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणिताची शाळा होती, आणि तिच्या ग्रंथावर आज मुंबईत मुली नाचतात. मध्ये दुवा आहे तो शिरपूरच्या लेकीच्या नावाच्या शाळेचा.

कथामाला आणि इतर प्रवाह

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्यांच्या मागे त्यांचे सहकारी प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. पुतळा उभारण्यापेक्षा गोष्ट सांगत राहावी, हा विचार त्यामागे होता. शाळाशाळांतून कथामालेची केंद्रे निघाली. ठरलेल्या वेळी मुले जमवायची, एका शिक्षकाने किंवा पालकाने गोष्ट सांगायची, मग मुलांपैकी कुणीतरी सांगायची. खर्च शून्य. म्हणूनच नाटकाचा पडदा घेणे ज्या गावाला झेपले नाही, तिथेही कथामाला पोचू शकली.

याच काळात मुंबई-पुण्यात बालरंगभूमी वेगळ्या अंगाने वाढत होती, त्याचीही नोंद हवी. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ उभे केले. त्यांचे पहिले नाटक रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’. मतकरींनी पुढे १९६२ साली स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत पुण्यात आणली. राक्षस-पऱ्यांऐवजी मुलांच्या घरातले, शाळेतले प्रश्न रंगमंचावर आले आणि मुलांच्या भूमिका मोठ्यांनीच केल्या. या साऱ्यांनी मराठी मुलाला नेटके, व्यावसायिक जाणिवेचे नाटक दिले. तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकाचे ते नाटक होते, कलापथकाचे नाटक मैदानावर आलेल्यांचे. दोघांचीही गरज होती. आयुष्याच्या उत्तरार्धात मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला आणि वस्त्यांमधल्या मुलांना आपली नाटुकली आपणच रचायला लावली, तेव्हा हे दोन प्रवाह एका जागी मिळाले.

खानदेशाची स्वतःची शिदोरी

खानदेशातल्या मुलांना समूहकला बाहेरून कुणी दिली असे मुळीच नाही. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे गुलाबाई, भुलाबाई बसते. महिनाभर पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या धरतात आणि शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखतात. सासर-माहेरच्या त्या गाण्यांत संवाद आहेत, पात्रे आहेत, थट्टा आहे. शिकवणारी कोण, तर दोन वर्षांनी मोठी असलेली शेजारची ताई. वहीगायनाची मंडळे डफावर रात्र जागवतात, तिथे लहान पोरे झील धरतच मोठी होतात. आणि आपल्या नशिराबादहून हाकेच्या अंतरावरच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंनी अक्षरओळख नसताना जात्यावर आणि मळ्यात जी गाणी रचली, ती त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तकरूपाने आली. आज खानदेशातल्या शाळांचे स्नेहसंमेलन बहिणाबाईंच्या गाण्यावाचून क्वचितच पार पडते.

जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानाने भुलाबाई महोत्सवात शाळाशाळांच्या मुलींना रंगमंचावर आणले आहे. ती संस्था वेगळ्या विचारकुळातली, तरी जुन्या गाण्यांना नव्या मुली मिळाल्या याचा आनंद मोकळेपणाने मानला पाहिजे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेचे केंद्रही जळगावात असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरुजींच्याच अमळनेरात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

या सगळ्यांत मात्र एक उणीव आहे. स्पर्धेसाठी शाळा दहा-बारा ‘चांगली’ मुले निवडते, उरलेली टाळ्या वाजवायला बसतात. तालीम महिनाभर चालते आणि ढाल मिळाली की थांबते. शिकवणी वर्ग, टीव्ही आणि आता हातातला मोबाइल यांनी मुलांची संध्याकाळ घेतली, तशा सेवा दलाच्या रोजच्या शाखाही अनेक गावांत विरळ होऊन सुटीतल्या शिबिरांपुरत्या उरल्या. कार्यक्रम होत राहिले. त्यांच्या मागची रोजची बैठक आटली. कलापथकाच्या भरभराटीचे रहस्य त्या बैठकीतच होते, हे इतिहास पाहताना पुन्हा पुन्हा जाणवते. ‘पुढारी पाहिजे’ लिहिणारे पु. ल. होते, पण तो वग पेलणारी मुले रोजच्या मैदानानेच पुरवली.

नशिराबादने काय करावे

जळगाव-भुसावळ महामार्गावरचे आपले नशिराबाद आता ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत गेले आहे. गावात मराठी बोलणारी मुले आहेत तशी उर्दूत शिकणारीही आहेत. घराघरांत लेवा बोली आहे, कुठे हिंदी, कुठे अहिराणी. आंतरभारतीसाठी आपल्याला पंजाबपर्यंत जायची गरज नाही, ती गल्ली ओलांडली की सुरू होते. उर्दू शाळेतल्या मुलाने आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगावी, लेवा घरातल्या मुलीने भुलाबाईचे गाणे म्हणावे आणि दोघांनी एकमेकांची झील धरावी, याला नाट्यगृह लागत नाही. एक डफ, शाळेची ओसरी आणि दर शनिवारी न चुकता येणारे एक मोठे माणूस, एवढे पुरते. तिघांपैकी मिळायला अवघड आहे ते शेवटचे. निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातले काका, वहीगायनातले जुने जाणते, अंगणवाडीच्या ताई, यांच्यापैकी दोघा-तिघांनी वर्षभराचे शनिवार वाटून घेतले तर कामाला सुरुवात होते. सुरुवातीला निवड करू नये, स्पर्धेचे नाव काढू नये आणि बोलीवर हसू नये, एवढी तीन पथ्ये पाळावीत.

संस्थांचे वार्षिक अहवाल आपण वाचतो तेव्हा त्यांत कार्यक्रम किती, बक्षिसे किती, पाहुणे कोण याची नोंद असते. कलापथकाच्या इतिहासाने शिकवलेली मोजपट्टी निराळी आहे. पुढच्या जयंतीला जो अहवाल छापला जाईल त्यात वर्षातले किती शनिवार भरले आणि एकाही कार्यक्रमात जागा न मिळालेली मुले किती उरली, हे दोन आकडे आधी द्यावेत. पहिला जेवढा वाढेल आणि दुसरा जेवढा घटेल, तेवढे कलापथक नशिराबादेत रुजले असे समजायला हरकत नाही.